अत्तारबाईंचं क्रियापद

पुण्यात जून-जुलै महिन्यांत घरोघरी, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी एकच प्रश्न विचारला जातो: "मग, मुलाला कुठे टाकलं?" जेवलात का, असंही इतक्यांदा कुणी विचारत नाही. अर्थात पुण्यात ते तसंही कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा. पण अत्तारबाईंच्या समोर हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. 'टाकलं' हा शब्द कानावर पडला की त्या पेटायच्या. चष्मा कपाळावर जायचा, हातातली पिशवी खाली ठेवली जायची आणि समोरच्याची शाळा सुरू व्हायची.

आमच्या खालच्या मजल्यावरचे देशमुख एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन जिन्यात उभे होते. "घ्या बाई, पेढा घ्या. चिरंजीवांना कॉम्प्युटरला टाकलं!"

बाईंनी पेढ्याकडे पाहिलं, मग देशमुखांकडे. "का हो? नासला होता का?"

"कोण?"

"चिरंजीव. टाकलं म्हणालात, म्हणून विचारलं."

देशमुख ओशाळं हसले. "तसं नाही हो बाई. म्हणजे घातलं."

"घालायला तो काय कैरीची फोड आहे? आता चार वर्षं बरणीला दादरा बांधून ठेवणार?" पेढा त्यांनी घेतला नाही. "ज्याला ॲडमिशन मिळाली त्याला पाठवा. 'मी गेलो' असं तो म्हणाला तर दोन खाईन."

चिरंजीव काही आले नाहीत. देशमुख मात्र पुढे कित्येक दिवस लिफ्टमध्ये बाई दिसल्या की जिना धरायचे.

बाई शनिवार पेठेत आमच्या समोरच्या दारात राहायच्या. नाव अत्तार, पण बोलणं फिनेलसारखं, जंतू मेलाच पाहिजे. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं, त्यातही व्याकरण. "अत्तार, आणि मराठी शिकवता? वा! छान बोलता हो तुम्ही," असं आमच्याकडे येणारा दर दुसरा पाहुणा त्यांना म्हणायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्यांच्या पिढ्या या शहरात गेल्या त्यांना हे प्रमाणपत्र देणारे आपण कोण लागून गेलो? मी धुमसत राहायचे. बाई मात्र शांतपणे म्हणायच्या, "तुम्हीही बरं बोलता. फक्त 'मी त्याला बोललो' म्हणू नका, 'म्हणालो' म्हणा." पाहुणा चहा अर्धा ठेवून उठायचा. मला फार बरं वाटायचं.

'टाकलं' या शब्दावर त्यांचा इतका राग का, हे मी एकदा विचारलं. माझी मुलगी सई तेव्हा अकरावीत होती. बाई म्हणाल्या, "हे बघ, टाकणे हे सकर्मक क्रियापद. 'आईने मुलीला कॉलेजात टाकलं.' कर्ता कोण? आई. मुलगी कोण? कर्म. आता दुसरं वाक्य. 'मुलगी कॉलेजात गेली.' जाणे अकर्मक. कर्ता कोण?"

"मुलगी."

"झालं! अठरा वर्षांच्या घोड्यांना तुम्ही कर्म करून ठेवता आणि मग म्हणता, आमचं कर्मच फुटकं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना हे विनोदाने सांगायचंच नव्हतं, हे मला पुढे कळलं.

बाईंचा दुसरा हट्ट म्हणजे मागचं दार. कुणाचंही मूल बारावी झालं की सोसायटीतले लोक लाज सोडून त्यांच्याकडे यायचे, कारण बाई सोबत कॉलेज बघायला यायच्या. पण पुढच्या फाटकातून आत पाऊल टाकायच्या नाहीत. "पुढचं दार आपल्यासाठी सजवलेलं असतं. दाखवायला बसवलेल्या मुलीसारखं. आपण मोरीकडून जायचं." कॉलेजच्या मागे जिथे सायकली आणि मोडके बाक टाकलेले असतात, जिथे मुलं खरंखुरं बोलतात, तिथून त्या शिरायच्या. आधी मुलींचं स्वच्छतागृह. मग वाचनालयात कुणी बसलंय का. मग कँटीनमध्ये एखादा मास्तर मुलांच्या टेबलावर आहे का. या तीन गोष्टी पाहिल्या की त्या रिक्षा बोलवायच्या. पेठेत लगेच नाव पडलं, 'मागच्या दाराच्या बाई'. आता मागच्या दाराने प्रवेश म्हणजे आपल्याकडे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका नव्या भाडेकरूने तर त्यांना गुपचूप विचारलंही, "बाई, मॅनेजमेंट कोट्यात तुमची ओळख आहे म्हणे?" त्या माणसाला बाईंनी इतकं झापलं की तो पुढच्या महिन्यात जागा सोडून गेला. जागा त्याने दुसऱ्याच कारणासाठी सोडली असेल, पण मला हेच कारण आवडतं.

आता आमच्या घराचं सांगते. सईला बारावीनंतरच्या परीक्षेत मार्क चांगले पडले आणि तिथेच घात झाला. कमी पडले असते तर पोरीला तिच्या मनासारखं करू दिलं असतं. चांगले पडले म्हटल्यावर ते जणू सगळ्या खानदानाचे झाले. माझे मोठे दीर, आमचे भाऊजी, कोथरूडहून रोज फोन करायला लागले. "कॉम्प्युटरच घ्यायचं. बाकी सब झूठ." ह्यांचं, म्हणजे सईच्या बाबांचं, मत काय? भाऊजींचं जे असेल ते. लग्नापासून मी हेच ऐकत आलेय.

आणि सईला काय आवडायचं? दगड. हसू नका, भाऊजी हसले तेवढं पुरे झालं. लहानपणापासून ही पोरगी खडकवासल्याला गेली तर भजी नाही मागायची, दगड वेचायची. आमच्या गल्लीत एक जुनी इमारत पाडून पाया खणत होते, तेव्हा काळ्या दगडाच्या पोटात पांढरे स्फटिक असलेला एक तुकडा तिला सापडला. तो तिने खिडकीत ठेवला होता आणि कुणालाही हात लावू द्यायची नाही. भूशास्त्र नावाचा विषय असतो, तो कॉलेजात शिकवतात, हे तिला माहीत होतं. पण ती घरात कधी बोलली नाही. घरात बोलायला भाऊजी होते ना.

पहिल्याच फेरीत सईला शहराबाहेरच्या एका नव्या कोऱ्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा मिळाली. जागा घ्यायची की नाही हे मुदतीच्या आत कळवायचं होतं. भाऊजी गाडी घेऊन हजर. मी, हे, सई, आणि मी हट्टाने बसवलेल्या अत्तारबाई. भाऊजींनी बाईंना पाहून तोंड वाकडं केलं. मी त्याहून वाकडं केलं.

कॉलेज नखशिखान्त काचेचं. आत वातानुकूलित हॉल, थंड कॉफी, टाय लावलेला एक समुपदेशक. बाई गाडीतून उतरल्या आणि सरळ इमारतीच्या मागे चालू लागल्या. तो टायवाला सईच्या डोक्यावरून आमच्याशी बोलत होता. "सर, प्लेसमेंटचं टेन्शनच घेऊ नका. मॅम, मुलगी एकदा इथे आली की चार वर्षं तुम्ही निवांत." सई मधल्या खुर्चीत बसली होती आणि या माणसाने तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. बाजारात म्हैस घेतानाही तिचे दात बघतात हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणून गप्प बसले.

तेवढ्यात बाई मागच्या बाजूने आत आल्या. साडीचा काठ धुळीने माखलेला. "का हो साहेब, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप का?"

"मॅम, की ऑफिसमध्ये असते. सिक्युरिटीसाठी."

"कुणाच्या? नळांच्या?"

तो गडबडला. "मॅम, ते थोडं..."

"आणि वाचनालयात सगळ्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्यात. त्यांचीही सिक्युरिटी?"

भाऊजी चिडले. "बाई, आपण इथे संडास बघायला आलोय का?"

"तुम्हाला नाही वापरायचा म्हणून तुम्ही नाही बघितला," बाई म्हणाल्या.

समुपदेशकाने प्रसंग सावरायला बघितलं. "सर, सगळं होईल व्यवस्थित. मग, टाकताय ना मुलीला?"

संपलं! मला वाटलं, आता बाई त्याचा टाय ओढतात. पण त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या सईसमोर खुर्ची ओढून बसल्या. "सई, तुला काय हवंय?"

सई माझ्याकडे बघायला लागली, मग बाबांकडे, मग काकांकडे. शेवटी म्हणाली, "माहीत नाही."

मी सांगते तुम्हाला, त्या क्षणी मला जो संताप आला तो सईचा नाही आला. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि आमच्या अख्ख्या घराला, माझ्यासकट, उन्हात उभं करावंसं वाटलं. ज्या पोरीला दगडाचा रंग बघून तो कुठल्या टेकडीचा ते सांगता येतं, तिला स्वतःला काय हवंय ते सांगता येऊ नये! बाई मात्र सईवर चिडल्या. "माहीत नाही हे उत्तर नाही, बाळ. ही सवय आहे. मोड."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सईला आणि मला नदीपलीकडच्या एका जुन्या कॉलेजात नेलं. अर्थात मागून. भिंतीला एक लहानसं फाटक, वडाच्या पारंब्या, सावलीत झोपलेलं कुत्रं. भूशास्त्राच्या व्हरांड्यात पत्र्याच्या ट्रेमध्ये दगड ठेवले होते, त्यांच्या चिठ्ठ्या उन्हाने पिवळ्या पडलेल्या. शाईने हात बरबटलेले एक सर बाहेर आले. कोण, कुठल्या, मार्क किती, काही विचारलं नाही. ट्रेमधला एक दगड उचलून सईच्या हातात ठेवला. "काय दिसतं?"

आणि माझी मुलगी बोलायला लागली हो! आधी अडखळत, मग थांबेनाच. आमच्या गल्लीतल्या पायाचा दगड, त्यातले स्फटिक, आत पोकळी कशी झाली असेल, ते सर मध्येच "नाही, चूक," म्हणाले तर ही त्यांच्याशी वाद घालायला लागली. मी तोंडात पदर धरून उभी होते. वळून पाहिलं तर बाई फाटकापाशीच थांबल्या होत्या. मी म्हटलं, "आत या ना." त्या म्हणाल्या, "मी आले तर ती माझ्याकडे बघून बोलेल. राहू दे." स्वच्छतागृह तेवढं त्या पाहून आल्या होत्या. दार मोडकं होतं, पण पाणी होतं. "पास," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरात महाभारत झालं. भाऊजी कोथरूडहून पुन्हा आले. "हातची कॉम्प्युटरची सीट सोडून दगड फोडायला जाणार? अहो, पोरीच्या पायावर तुम्ही धोंडा पाडताय, धोंडा!"

"पडू दे," मी म्हटलं, "तिला धोंड्यांचीच आवड आहे."

"लोकांना काय सांगायचं?"

"लोकांना सांगा, भाऊजींना विचारलं नाही!"

हे म्हणाले, "अगं, हळू." हळू! लग्न झाल्यापासून हळूच बोलतेय मी. मला वाटलं होतं, बाई समोरच्या दारातून येतील आणि भाऊजींना दोन वाक्यांत गारद करतील. त्या आल्या, खुर्चीत बसल्या, चहा घेतला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. मी डोळ्यांनी खुणावलं, कप आपटला, तरी नाही. मी इतकी चिडले की शेवटी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, सोसायटीभर लष्कराच्या भाकऱ्या भाजता आणि माझ्या घरी तोंडाला कुलूप?"

"मी बोलले तर कर्ता मी होईन," त्या म्हणाल्या. "ती आहे ना इथे."

सगळ्यांनी सईकडे पाहिलं. पोरीचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "काका, मी कॉम्प्युटरला गेले तर लोकांना काय सांगायचं ते तुम्हाला कळेल. पण रोज सकाळी उठून मी मला काय सांगायचं?"

भाऊजी काहीतरी म्हणणार होते, पण ह्यांनी हात वर केला. वीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्या भावासमोर ह्यांनी हात वर केलेला मी पाहिला. "सई, तुला जमेल ते?"

"जमेल की नाही माहीत नाही, बाबा. आवडतं, हे माहीत आहे."

ह्यांनी खिडकीतल्या त्या दगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. जा."

"अकर्मक!" अत्तारबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा कप चहा मागितला. सईने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पेढे आणले, समोरचं दार वाजवलं आणि म्हणाली, "बाई, मी भूशास्त्राला गेले." बाईंनी खरंच दोन खाल्ले. मधुमेह असून.

हे सगळं मी एवढ्या कौतुकाने सांगतेय, पण बाईंच्या रागाचं मूळ मला पुढच्या ईदला कळलं. आम्ही शिरखुर्मा खायला गेलो होतो. त्यांचा मुलगा साजिद आला होता. तो खराडीला राहतो, आयटी कंपनीत आहे, बायको आणि एक लहान मुलगी. खराडी म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, पण साजिद यायचा तो ईदपुरता. मी आपली आनंदात बोलून गेले, "साजिद, तुझ्या आईने आमच्या सईला मार्गाला लावलं बघ!"

"नशीबवान आहे," तो म्हणाला. "मला चित्रकलेला जायचं होतं, काकू. अम्मीने इंजिनिअरिंगला टाकलं." तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "अम्मीने टाकलं, मी पडलोय."

स्वयंपाकघरात वाटीवर चमचा वाजला आणि थांबला. बाई शिरखुर्मा घेऊन बाहेर आल्या, सगळ्यांना दिला, साजिदच्या वाटीत बदाम जास्त घातले. तो गेल्यावर मी त्याच्यावरच घसरले, की सणासुदीला आईला असं बोलतात का, शोभतं का. बाईंनी मला थांबवलं.

"'अम्मीने टाकलं, मी पडलोय.' एक सकर्मक, एक अकर्मक. दोन्ही कर्ते जागच्या जागी. वाक्यात चूक नाही गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच पोटचा आहे. व्याकरण पक्कं आहे."

त्यानंतर त्यांच्यासमोर 'टाकलं' हा शब्द चुकून जरी कुणी काढला तर मीच आधी त्याच्या अंगावर जायचे.

पावसाळ्यात बाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, साजिद रोज खराडीहून येत होता, हे मला मान्य आहे. पण महिनाभराने आम्ही चार दिवस गावाला जाऊन परतलो, तर समोरच्या दाराला कुलूप. जिन्यात कळलं, खडकवासल्याच्या पुढे वृद्धांसाठी कसलीशी संस्था आहे, तिथे ठेवलंय. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "मुलाने अत्तारबाईंना वृद्धाश्रमात टाकलं." देशमुखांनी तर माझ्याकडे बघून मान हलवली. "शेवटी त्यांनाच टाकलं की हो."

माझं डोकं फिरलं. मी साजिदला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. म्हटलं, सूड उगवलास ना? शिकवलं, मोठं केलं, आणि ज्या शब्दाने त्या बाईचा जीव जळायचा तोच तिच्या कपाळी मारलास? खराडीच्या एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये आईपुरती जागा नव्हती? तो सगळं ऐकून घेत होता. उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी एवढंच म्हणाला, "काकू, तुम्ही एकदा जाऊन या."

रविवारी सईला घेऊन गेले. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, सॅकमध्ये हातोडी घेऊन फिरते. संस्थेच्या फाटकावर कमान, कमानीवर बोगनवेल. मी तरातरा तिकडे निघाले, तर सईने हात धरला. "आई, मागून."

मागे स्वयंपाकघराचं आवार होतं. धुतलेली पातेली उन्हात पालथी घातलेली, दोरीवर चादरी, आणि भिंतीच्या सावलीत एका खुर्चीत अत्तारबाई बसलेल्या. शेजारी वॉकर.

"या. मला माहीत होतं तुम्ही इकडूनच येणार," त्या म्हणाल्या. "म्हणून रविवारची खुर्ची इथेच मांडते."

मला रडू फुटलं आणि रडता रडता मी भांडायला लागले. "बाई, त्याने तुम्हाला असं टाकलं आणि तुम्ही..."

"टाकलं म्हणायचं नाही!" तोच आवाज, तोच चष्मा कपाळावर. "मी आले."

मग त्यांनी सांगितलं. साजिदने आधी स्वतःच्या घरी चल म्हणून धरलं होतं. त्याच नको म्हणाल्या. "त्याची मुलगी मोठी होतेय. माझा स्वभाव तुला माहितीये. उद्या तिच्या ॲडमिशनला मी कर्ता होऊन बसले असते. एकदा केलं तेवढं पुरे." मग साजिदने त्यांना गाडीत बसवलं आणि एकेक जागा दाखवली. प्रत्येक ठिकाणी गाडी मागच्या बाजूला उभी केली. न सांगता. "स्वच्छतागृहात आधी स्वतः जाऊन यायचा. लक्षात होतं हो त्याच्या! आणि या इथे, याच आवारात, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, अम्मी, तुला काय हवंय?"

सई त्यांच्या पायाशी बसली होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? माहीत नाही म्हणाले." त्यांनी सईच्या डोक्यावर टप्पल मारली. "अब्बांनी मला डी.एड.ला टाकलं, तेव्हा मी पाहुण्यांना चहा देत होते. पाहुण्यांना सांगितलं त्यांनी, मला नाही. मग लग्न, मग नोकरी, सगळं चाललं. पण तुला काय हवंय, हे एवढ्या आयुष्यात मला कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते साजिदने. ज्याला मी कधी विचारलं नाही, त्याने."

"मग?"

"म्हणाला, घाई नाही. तीन दिवस रोज येऊन तेच विचारत होता. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. इथून धरणाचं पाणी दिसतं आणि स्वयंपाक करणारी बाई मीठ बेताने घालते. पास."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. साजिदवरचा थोडा उतरला, पण तो जाऊन बसला त्या अब्बांवर, त्या पाहुण्यांवर, त्या चहावर, आमच्या भाऊजींवर, टायवाल्यावर. सत्तर वर्षांच्या बाईला काय हवंय हे विचारायला आधी तिचं हाड मोडावं लागतं, या सगळ्या गोष्टीचाच मला संताप येतो. आजही लिहिताना येतोय. मी तसं बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे. सईपुरता शिल्लक ठेव. तिलाही उद्या मुलं होतील."

निघताना त्यांनी साजिदकडून आणवलेला पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. "सोसायटीत वाट. माझे आहेत. ज्याला ॲडमिशन मिळाली त्याने द्यायचे असतात."

परतलो तर देशमुख लिफ्टपाशीच उभे. आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, अत्तारबाईंना नक्की कुठे टाकलंय हो?"

"टाकलं नाही," मी म्हटलं. "गेल्या."

देशमुखांचा चेहरा पडला. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, हात जोडले. "अरेरे! कधी?"

सई भिंतीकडे तोंड करून हसायला लागली. मी नाही हसले. "अहो, मेल्या नाहीत त्या! स्वतःच्या मनाने गेल्या! इतकं अवघड आहे का हो हे समजायला?" माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार, कारण दोन दारं उघडली. बरं झालं, सगळ्यांना एकदमच सांगून झालं. मी पुडा उघडून देशमुखांच्या पुढे धरला. "घ्या पेढा. बाईंना ॲडमिशन मिळाली."

देशमुखांनी घाबरत एक पेढा उचलला. "पण... कुठे?"

"त्यांना हवी होती तिथे."